अप्पांची मांडी

पाय तुटेल याची बसलिंगाप्पांना भीती नव्हती. तुटला तर तुटला, असं ते पेंडीच्या दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला बिनदिक्कत सांगायचे. त्यांचा घोर वेगळाच होता. लिंगायताच्या घरात माणूस लिंगैक्य झाला की त्याला जाळत नाहीत. विभूती लावून, तळहातावर इष्टलिंग देऊन, मांडी घालून मातीत बसवतात. त्यांची बायको गंगव्वा उचगावच्या मळ्यात तशीच बसलेली होती. तिच्या शेजारची जागा अप्पांनी स्वतःसाठी राखली होती, तिथं उसाची कांडीसुद्धा लावू दिली नव्हती. आणि आता डॉक्टर गुडघ्याखालून पाय काढायची भाषा बोलायला लागले होते.

"दाने, एका पायानं मांडी कशी घालायची गं?" असं त्यांनी एकदा सुनेला विचारलं, आणि दानेश्वरीला भाकरी थापता थापता रडू फुटलं.

सगळं झालं ते नव्या चपलेपायी. शहाण्णव सालची गोष्ट. अप्पांना साखरेचा आजार, पायाला काही लागलं तरी धड कळायचं नाही. पण म्हाताऱ्याची हौस बघा! करकर वाजणारी कोरी चप्पल घेतली, तिला तेल पाजायचं सोडून तशीच पायात घातली आणि दिवसभर जत्रेत मिरवत हिंडले. चप्पल चावली ते त्यांच्या गावीही नव्हतं. दानेश्वरीनं पाय धुताना बघितलं तेव्हा टाचेवर जखम उघडी पडली होती आणि तिला घाण वास सुटला होता.

राजारामपुरीतले डॉक्टर वृषभ मगदूम यांनी जखम युसॉलनं धुवायला सांगितली. युसॉल म्हणजे काही भारीतलं औषध नव्हे. ब्लीचिंग पावडर आणि बोरिक पावडर पाण्यात कालवायची, नीट गाळून घ्यायची, की झालं. गावात पाण्याची टाकी धुतली की नळाला जो वास येतो, तोच वास. त्यात भिजवलेली पट्टी जखमेवर ठेवली की सडलेलं मांस सुटून येतं, जंतू मरतात आणि खालचं लाल मांस वर यायला लागतं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, बाटली अंधारात, गार जागी ठेवा. उजेडानं आणि उबेनं हे औषध मरतं.

दानेश्वरीच्या नवऱ्यानं, प्रभुलिंगनं, घरी येऊन हे सगळं सांगितलं. पण या घरात कुठलंही औषध आधी देवापुढं जायचं, त्याला विभूतीचं बोट लागायचं आणि मगच ते माणसाला मिळायचं. दानेश्वरीनं विचार केला, घटकाभर ठेवून एवढा गुण येतो, तर कायमची तिथंच राहू दे की. देव्हारा पूर्वेच्या खिडकीत, सकाळचं ऊन थेट आत, आणि शेजारी सदा तेवणारी समई. नवरा म्हणाला, अगं, अंधारात म्हणालेत. ही म्हणाली, देवापुढं ठेवलेलं वाया कसं जाईल? पुढं बोलायची प्रभुलिंगची काय टाप!

जखम काळी पडली. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी बाटली मागवून घेतली, नाकाला लावली आणि खाली ठेवली. यात काही राहिलं नाही, हे नुसतं पाणी आहे, असं म्हणाले. नवी बाटली दिली आणि स्पष्ट सांगितलं, आता मांस लाल झालं नाही तर पाय काढावा लागेल. दानेश्वरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासऱ्याचा पाय आपल्या हातानं घालवला, हे तिला कळून चुकलं.

तरीही घरी आल्यावर तिनं ती बाटली आधी देवापुढंच ठेवली. एवढं बोट लावते आणि उचलते, असं म्हणाली, तेवढ्यात दूध उतू गेलं, पावणं आलं, आणि बाटली तिथंच राहिली. सकाळी आठवण झाली तशी धावत गेली, तर देव्हाऱ्यात बाटली नाही.

ती सापडली जिन्याखालच्या कोठीत, जोंधळ्याच्या पोत्यामागं, अगदी आत. डाळिंबी रंगाच्या फडक्यात नीट गुंडाळलेली. दानेश्वरीला वाटलं, नवऱ्यानं ठेवली. नवऱ्याला वाटलं, बायकोला एकदाची अक्कल आली. अप्पांना तर टेकू दिल्याशिवाय खाटेवरून उठता येत नव्हतं. घरात चौथं माणूस नव्हतं.

तिनं पट्टी बांधली आणि मुद्दाम, बघू तरी म्हणून, बाटली परत देव्हाऱ्यात ठेवली. आंघोळ करून आली तर बाटली कोठीत. काचेवर पांढरी बोटं उमटलेली. प्रभुलिंग म्हणाला, ब्लीचिंग पावडर असेल. तिनं वास घेतला. पावडरीचा वास नव्हता. विभूती होती ती.

गंगव्वाची ही जुनी खोड. तिला उजेडात ठेवलेलं काही खपायचं नाही. लोणचं, दही, तूप, सगळं फडक्यात गुंडाळून कोठीत जायचं, आणि सुनेनं बाहेर काढलं की बडबडत परत आत जायचं. हे आठवलं आणि दानेश्वरीनं ते फडकं उजेडात धरून पाहिलं. इरकलीच्या पदराचा तुकडा होता. काठाजवळ रफू केलेलं होतं, जरा वेडंवाकडं. ते रफू तिचंच होतं. सासूला शेवटचं नेसवली ती ही इरकल, आणि ती सासूच्या अंगावर मातीत गेली होती.  खोटं कशाला बोला, दानेश्वरी तिथंच भिंतीला टेकून मटकन खाली बसली.

नवऱ्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार, आणि जखम तर सुधारत होती! काळं मांस सुटून आलं, खाली लाली दिसायला लागली. बाटली आता ती स्वतःच कोठीत ठेवायची. पण पट्टी बदलायला जावं तर कधी कधी ती आधीच बदललेली असायची, ओली, गार, तिच्यापेक्षा सफाईनं बांधलेली.

एका दुपारी ती परड्यात धुणं वाळत घालत होती. घरातून युसॉलचा वास आला, आणि त्यात विभूतीचा. मग अप्पांचं हसणं ऐकू आलं. ते कानडीत बोलत होते. गंगव्वा गेल्यापासून त्यांनी घरात कानडी बोलणं सोडलं होतं. दानेश्वरी दारापर्यंत गेली. अप्पा खाटेवर पाय पसरून बसले होते, पट्टी सुटलेली, आणि ते पायापाशी बघून बोलत होते, जरा लाजल्यासारखं. पायापाशी कुणी नव्हतं. बाटलीचं बूच मात्र निघालेलं होतं, आणि जखमेवरून पाणी ओघळत होतं.  आत जायची तिची छाती झाली नाही.

डॉक्टर खूष झाले. पाय वाचला म्हणाले. प्रभुलिंगनं दवाखान्यातच सगळ्यांना पेढे वाटले. अप्पांनी डॉक्टरांना एकच विचारलं, मांडी घालता येईल का? जखम पुरी भरली की खुशाल घाला, असं डॉक्टर हसून म्हणाले. आणि दानेश्वरीच्या हातातला पेढा हातातच राहिला. सासूबाई, तिच्या आत्ती, कशासाठी राबत होत्या, ते तिला तेव्हा उमगलं.

घरी येताच तिनं बाटली कोठीतून काढली आणि गच्चीवर रणरणत्या उन्हात नेऊन ठेवली. स्वतः शेजारी पहारा देत बसली. लेकीसारखं वागवलं होतं त्या माणसानं तिला. पाय जाईना का, माणूस तरी घरात राहील. डोक्यावर ऊन तापलं तरी ती हलली नाही. शेवटी खालून अप्पांनी हाक मारली, तेव्हा बाटली पदराखाली घेऊन उतरली.

"उन्हात का ठिवलीस?" त्यांनी विचारलं.

"आत्ती तुमाला बरं करायला येत न्हाईत, अप्पा. न्यायला येत्यात."

"मला ठावं हाय की." अप्पा शांतपणे म्हणाले. "पयल्या दिवशीच इचारलं मी तिला. म्हणाली, लंगडा नवरा शेजारी बसवून घेणार न्हाई."

दानेश्वरी रडायला लागली. मग आम्ही काय करायचं, असं काहीतरी म्हणाली. अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हातालाही युसॉलचा वास येत होता.

"तुमचं समदं मार्गी लागलंय, बाई. तिथं ती एकटी बसलीया. जा, ठेव जा अंधारात."

 दानेश्वरी कोठीत गेली, बाटली त्या फडक्यात गुंडाळली आणि पोत्यामागं सरकवली. जबरदस्ती कुणी केली नाही, तिनं स्वतःच्या हातानं केलं.

जखम भरली. वर गुलाबी कातडी आली. त्या सकाळी अप्पांनी गरम पाण्यानं आंघोळ केली, कपाळाला विभूती लावली, आणि सून चहा घेऊन आली तर ते खाटेवर मांडी घालून बसलेले. डावा तळहात उघडा, त्यावर इष्टलिंग. चहा घ्या म्हणाली. पुन्हा म्हणाली. मग कप खाली ठेवून ती नवऱ्याला बोलवायला गेली.

मळ्यात खड्डा खणताना गंगव्वाच्या बाजूची माती जराशी ढासळली आणि वास आला. खणणारे आकाराम म्हणाले, कुणीतरी ब्लीचिंग पावडर टाकलीय वाटतं. प्रभुलिंग नुसता मान हलवत राहिला. विधी करायला आलेल्या स्वामींनी अप्पांना आत बसवलं. पाय मुडपायला लागलेच नाहीत, मांडी तशीच होती.

माती लोटायच्या आधी दानेश्वरीनं ओच्यातून फडक्यात बांधलेली बाटली काढली, खाली वाकली आणि दोघांच्या मधे, अप्पांच्या गुडघ्याला टेकवून ठेवली. तिथं आता ऊन येणार नव्हतं.