निवळशंख पाण्यातल्या माळा

मी सूक्ष्मदर्शक बोलतोय. जलाशयाच्या काठावरच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या ओट्यावर माझं बस्तान आहे. आधीची काही वर्षं कॉलेजात काढली. तिथली पोरं कांद्याचा पापुद्रा ठेवायची आणि स्वतःच्याच पापण्या बघून "दिसलं, दिसलं!" म्हणून ओरडायची. मग मी बाईंच्या हाती आलो.

पाठीमागे सगळे त्यांना शेवाळबाई म्हणतात. दर सोमवारी जलाशयाच्या पाण्याची बाटली येते. बाई एक थेंब काचपट्टीवर घेतात आणि त्यातलं शेवाळ ओळखून मोजतात. कुठल्या जातीचं शेवाळ वाढलंय, त्यावरून पाण्याची तब्येत कळते.

त्या सोमवारी रसायनं तपासणारा आधीच मोकळा झाला होता. "बाई, पाणी निवळशंख आहे. सगळे आकडे जागेवर."

बाईंनी डोळा लावला. एरवी दिसणारं निरुपद्रवी शेवाळ, त्या काचेच्या इवल्या होड्या, जवळपास गायब होतं. त्यांच्या जागी निळसर हिरव्या मण्यांच्या माळा, एकीत एक गुंतलेल्या. बाईंनी तीनदा मोजल्या. मागच्या सोमवारी सात होत्या, आज दोनशेच्या वर.

या माळांच्या पोटात विष असू शकतं. पाणी उकळलं तरी ते जात नाही.

बाईंनी पाणीपुरवठ्याच्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "अकरा वाजता क्लोरीन दुप्पट सोडतो. मरतील आपोआप."

"मरतील, पण फुटतील साहेब! पोटातलं सगळं पाण्यात उतरेल. मग ते गाळूनही निघणार नाही."

"विष आहेच कशावरून? मोठ्या प्रयोगशाळेचा अहवाल येऊ द्या."

"त्याला आठ दिवस लागतील. शहर पाणी आज पिणार आहे. माझी सून पण पिणार आहे, सातवा महिना आहे तिचा."

फोन कट झाला. घड्याळात साडेदहा.

बाईंनी जलाशयाचे दरवाजे सांभाळणाऱ्या मामांना बोलावलं. "मामा, ही माळ वर तरंगते. शहराला पाणी सोडणारा वरचा दरवाजा बंद करा, तळाकडचा उघडा."

"तळाकडचा? तो नऊ वर्षं हललेला नाही. आणि साहेबांची सही?"

"माझी घ्या."

मामा कागद घेऊन वळले, तेवढ्यात दारात साहेब. चेहरा लालबुंद. "हे कोणाच्या परवानगीनं चाललंय?"

बाई ओट्यापासून हलल्या नाहीत. "ओरडा नंतर. आधी एकदा बघा तरी."

आठ वर्षांत साहेबांनी मला हात लावला नव्हता. त्यांनी स्क्रू उलटा फिरवला, माझं भिंग काचपट्टीवर करकरत टेकलं आणि त्यावर ओरखडा उठला. कळ आली. बाईंनी स्क्रू सावकाश मागे घेतला. माळा स्पष्ट झाल्या. साहेबांच्या पापणीचा घाम मला लागला.

"एका थेंबात एवढ्या?" ते पुटपुटले. मग दाराकडे बघून म्हणाले, "मामा, धावा. क्लोरीनवाल्याला थांबवा."

अकराला पाच कमी होते.

वरचा दरवाजा लगेच बंद झाला, तळाचा मात्र हटून बसला. पहारी, तेल, शिव्या, सगळं झालं. तो हलला दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर शहराचे नळ कोरडे. फाटकाशी कळश्या आपटत लोक बाईंच्या नावानं खडे फोडत होते. बाई आत बसून दर दोन तासांनी नवा थेंब बघत होत्या.

आठव्या दिवशी अहवाल आला. वरच्या पाण्यात विष होतं, तळाच्या पाण्यात नव्हतं. बाईंनी तो दोनदा वाचला आणि पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. आभार मानायला कोणी आलं नाही. पण आता सोमवारी साहेब येतात आणि विचारतात, "बाई, आज पाण्यात कोण आलंय?"

माझा ओरखडा कायमचा राहिला. बाई पुढच्या महिन्यात निवृत्त होतील. त्यांच्या जागी जे कोणी येईल त्याच्याकडे माझं एकच मागणं आहे: मला डोळा लावण्याआधी घाई दाराबाहेर ठेवून या. मी दाखवतो, मोजायचं तुम्हालाच आहे.