राणी कलरची भिंत

आमच्या घराचा रंग बघून पुण्याच्या पाहुण्यांचं मन अस्वस्थ होतं म्हणं. आता गं बया! एवढी म्हातारी झाले, पण माझ्या भिंतीत असला जोर हाय हे मला ठावं नव्हतं.

झालं काय, वस्तीसमोरच्या माळावर एका शेटनं बंगले बांधले. शनवार-रविवारी पुण्याची माणसं तिथं तोरणा बघाया येत्यात. माझा पोरगा धनाजी तिथं बागेचं काम करतो. तिथला कारभार बघणारी शेफाली मॅडम एक दिवस आमच्या अंगणात आली. बोलणं साखरेवानी गोड.

"आजी, सगळ्या वस्तीला आम्ही फुकट रंग देतोय. मातीचा रंग. तो पाहिला की मन शांत होतं. तुमची ही गुलाबी भिंत डोळ्यांत खुपते. पाहुणे तक्रार करतात."

"मग त्यास्नी डोळे मिटाया सांगा," म्या म्हणलं. "लई शांत वाटतं."

मॅडम हसली. मागं धनाजी उभा होता, तो काय हसला न्हाई.

बाकी घरांनी रंग घेतला. फुकटचं कोण सोडतंय? चार दिसांत अख्खी वस्ती गोवऱ्यांच्या ढिगावानी दिसाया लागली. मातीचा रंग मला शिकवताय व्हय? उभा जन्म म्या भिंती सारवण्यात घातला. तो रंग बघून मला शांत वाटत न्हाई, माझी कंबर दुखती. घरकुल मंजूर झालं, पक्क्या भिंती उभ्या ऱ्हायल्या, तवा धनाजी म्हणला, "आये, रंग कंचा द्यायचा?" जन्मात पहिल्यांदा मला कुणी असं विचारलं. लुगडं दुसऱ्यानं निवडलं, नवरा बी दुसऱ्यानंच. म्या म्हणलं, राणी कलर! शेजारचा गेनबा म्हणला, "ठकुबाई, घर हाय का लग्नाचा मांडव?" म्हणू दे मेल्याला. भाताच्या खाचरातनं चिखलानं भरून वर येताना वळणावर ती भिंत दिसली की शीण जातो माझा, पाय आपसूक उचलत्यात.

एक दिवस जेवताना धनाजी ताटाकडं बघतच बोलला, "आये, सोमवारपतूर रंग बदलला न्हाई तर कामावर येऊ नगं म्हणल्यात."

"मग नगं जाऊ."

"आन् खायचं काय? तुजी भिंत?"

लई लागलं मला. पोराचं बी चुकत नव्हतं. पण म्हणून माझं चुकलं व्हय?

रविवारी म्या वेल्ह्याला गेले. येताना एसटीतनं फाट्यावर उतरले, पिशवी घेऊन वर चालाया लागले. वळण आलं आन् माझं घरच दिसंना. वस्तीच्या ढिगात पार बुडालं व्हतं. अंगणात येऊन बघते तर समोरची भिंत मातकट, आन् धनाजी हात धुतोय.

"समोरचीच केली, आये. बाजूच्या तशाच ठेवल्यात."

मला शिव्या येत न्हाईत असं न्हाई. पण तवा एक सुदिक सुचली न्हाई. पोरानंच केलं, मग कुणाला सांगायचं?

सकाळी तो कामावर गेला, तसा म्या माच्याखालनं उरलेला राणी कलरचा डबा वढला. ब्रश नव्हता, मग जुनं फडकं बुडवलं आन् सारवल्यावानी हात फिरवला. सारवायला का कुणी शिकवाया लागतंय मला? हात पोचला तिथपतूर भिंत गुलाबी झाली. वरची मात्र मातकटच ऱ्हायली. माझी सून अश्विनी दारातनं बघत व्हती. मग तिनं पदर खोचला, स्टूल आणलं.

"आत्याबाई, वरचं मी करते. तुमी पडाल."

तेवढ्यात मॅडम आली, धनाजीला संगं घेऊन. भिंत झाली का बघाया आली व्हती. बघून तिचा गोडवा पार उतरला.

"धनाजी, हे काय चाललंय? हे आत्ताच्या आत्ता पुसलं नाही, तर उद्यापासून येऊ नकोस."

धनाजीचा चेहरा पडला. पोराच्या ताटापुढं भिंतीचं काय घेऊन बसलीस, ठकू? 'पुसते बाई' असं व्हटापर आलं व्हतं माझ्या. भिंतीकडं, मग माझ्या कोपरापतूर रंगलेल्या हाताकडं धनाजी बघत ऱ्हायला. आन् माझ्या आदी तोच बोलला.

"मॅडम, घर आईच्या नावावर हाय. पाहुण्यास्नी सांगा, खुर्च्या दुसरीकडं तोंड करून टाका."

मॅडम पाय आपटत गेली. धनाजीनं अश्विनीला खाली उतरवलं, तिच्या हातातलं फडकं घेतलं आन् सोता स्टुलावर चढला.