हाताला कोरडी लागलेली भिंत

मी रंगारी. भिंतीवर तळहात ठेवला की आत काय चाललंय ते मला कळतं, अशी माझी ख्याती आहे. म्हणजे मीच ती वीस वर्षं पसरवत आलो. घर घ्यायची वेळ आली तेव्हा बायको म्हणाली, एखादा गवंडी सोबत नेऊ. मी हसलो. गवंडी मला काय शिकवणार? सगळ्या भिंतींवरून हात फिरवला आणि विकणाऱ्यासमोर, दलालासमोर छाती फुगवून जाहीर केलं की भिंती हाडासारख्या कोरड्या आहेत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

विकणारा निवृत्त इंजिनियर. बारा वर्षांपूर्वी हे दुमजली घर त्याने स्वतः बांधून घेतलं. एकेक वीट माझ्या डोळ्यांदेखत बसली, हे वाक्य त्याने मला इतक्या वेळा ऐकवलं की माझ्या पोरीला पाठ झालं. वरचं बाथरूम मात्र आम्ही वापरत नाही, म्हणाला, गुडघे गेले, जिना चढवत नाही. मला त्याच्या गुडघ्यांची दया आली. उतरताना मी त्याचा हातसुद्धा धरला होता.

ताबा मिळाला, आम्ही वरच्या बाथरूममध्ये आंघोळी सुरू केल्या. चौथ्या महिन्यात खालच्या खोलीत, पोरगी झोपते तिथं, पलंगाच्या वर भिंतीला फुगा आला. पोरीने बोट लावलं आणि फुगा फुटला. आतून पिवळं पाणी तिच्या उशीवर. पुढच्या पंधरा दिवसांत छातीइतक्या उंचीपर्यंत पोपडे सुटले आणि पोरीचा खोकला सुरू झाला तो थांबेचना.

प्लंबर आला. त्याने वरच्या गरम पाण्याच्या लाइनचा कॉक बंद केला, चार दिवसांनी पुन्हा येऊन भिंत बघितली आणि म्हणाला, पाइप आतून सडलाय, आणि हे कालपरवाचं नाही. कॉक बंद ठेवला की भिंत सुकते, उघडला की रडते. वरपासून खालपर्यंत दोन्ही मजल्यांच्या भिंती फोडून नवीन पाइप टाकावा लागेल. मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही रंगारी ना हो?" त्याचं तोंड फोडावंसं वाटलं. पण चूक त्याची नव्हती.

इंजिनियरला फोन लावला. आधी फार गोड. पाइप म्हटल्यावर आवाज बदलला.

"माझ्यासमोर कोण म्हणालं भिंत कोरडी आहे? तूच ना? मग आता तुझ्या हातालाच विचार."

आणि फोन ठेवला. त्यानंतर उचललाच नाही. बारा वर्षं ज्या घरात राहिला, त्या घराबद्दल बोलायला त्याच्याकडे बारा मिनिटं नव्हती.

मग दलाल. ह्याला आम्ही सगळे कारागीर गोडबोल्या म्हणतो. माझं निम्मं काम त्याच्याकडून येतं, म्हणून हे घर त्याच्याच शब्दावर घेतलं होतं. तो म्हणाला, भाऊ, जुनं घर म्हटलं की थोडंफार चालायचंच. रंग मारून घे. तुला काय, रंगारी घरचाच.

करार काढून बायकोने मोठ्याने वाचला. ताबा दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत एखादा दोष निघाला आणि तो विकणाऱ्याला आधीपासून माहीत होता असं ठरलं, तर दुरुस्ती त्याने करून द्यायची. नाहीतर ज्याचं घर त्याची भिंत. आमच्याकडे उरले होते सात आठवडे. घरासाठी होतं नव्हतं ते सगळं ओतून बसलो होतो. दोन मजल्यांच्या भिंती फोडायची ताकद आमच्यात नव्हती, आणि न फोडता त्या खोलीत पोरीला झोपवणं म्हणजे तिला ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवणं. इंजिनियरला आधीपासून माहीत होतं एवढंच सिद्ध करायचं होतं. एवढंच, म्हणे.

रविवारी दुपारी मी भिंत खरवडायला घेतली. वीतभर चौकोन. रंगाचे थर कसे वाचायचे ते मला येतं. वरचा पांढरा, त्याखाली पुट्टी, त्याखाली वॉटरप्रूफचा राखाडी थर. त्याखाली पुन्हा रंग, पुन्हा पुट्टी, पुन्हा राखाडी. आणि त्याच्याही खाली तेच. तीनदा ओल आली आणि तीनदा लपवली. पुट्टीचा एक तुकडा उजेडात धरला. पुट्टी निळसर होती.

पुट्टीत चिमूटभर नीळ घातली होती, कपड्यांना घालतात तीच. पिवळा डाग त्याने दबतो, वर्षभर तरी वर येत नाही. ही युक्ती माझ्या माहितीतले दोनच लोक करतात. त्यांतला एक मी. क्षणभर वाटलं, हे मीच केलं की काय? मग पुट्टी ओढायच्या पत्र्याचे उमटलेले फटकारे बघितले. उलटे होते, डावखुऱ्या माणसाचे. म्हणजे दुसरा. ज्याने मला पंधराव्या वर्षी ब्रश धरायला शिकवलं, तो माझा वस्ताद.

वस्ताद एका रिकाम्या फ्लॅटमध्ये शिडीवर होता. मी गेलो, खाली उभा राहिलो आणि म्हणालो, "माझ्या घरातली भिंत तुम्ही केलीत."

"तीनदा," तो न वळता म्हणाला. "तिसऱ्या खेपेला मी त्याला म्हटलं, साहेब, पाइप बदला. तर म्हणतो, ज्याला राहायचंय तो बदलेल."

हे वाक्य त्याने इतक्या सहज टाकलं, जणू कुणी वेळ विचारली होती. मी म्हणालो, मी घर घेतोय हे तुम्हाला सांगितलं होतं, पत्ता सांगितला होता, चहा पाजला होता.

"पाजलास. साखर कमी होती."

मी शिडीला लाथ घालणार होतो. खरंच घालणार होतो. त्याला ते दिसलं असावं, कारण तो खाली उतरला, हात पुसले आणि म्हणाला, "ओरडू नकोस. तू तरी बोललास का? त्या बस ड्रायव्हरने घेतलेल्या घराची ओल तू अशीच झाकलीस, गोडबोल्याच्याच सांगण्यावरून. तू ब्रश धूत होतास आणि तो बायकोला घेऊन घर बघायला दारात आला होता. काय सांगितलंस त्याला?"

मला आठवत होतं. मी म्हणालो होतो, रंग छान बसलाय.

तरी मी हट्ट सोडला नाही. घरांचे वाद मिटवणाऱ्या तडजोड कार्यालयात मी अर्ज केला होता, गुरुवारी तारीख होती. तिथं येऊन फक्त एक वाक्य सांगा, म्हणालो, पाइप बदला म्हटलं होतं, एवढंच. वस्तादाने मान हलवली. गोडबोल्या तिथं असणार, म्हणाला. चार घरं त्याच्याकडची आहेत हातात. ह्या वयात मला कुठला नवा दलाल काम देणार? आणि पुन्हा शिडीवर चढला. आपलेच दात, आपलेच ओठ. मी जिना उतरताना त्याच्या खानदानाला जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या दिल्या. अर्ध्या मलाच लागू पडत होत्या.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला सगळं सांगितलं, ड्रायव्हरसकट. तिने हातातली घडी पुरी केली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांच्याकडेही आत्ता हेच चाललं असेल."

मी म्हणालो, तो विषय वेगळा.

"वेगळा कसा? भिंत तशीच, नीळ तीच, हात तुमचा." एक घडी तिने इतक्या जोरात दाबली की शिवण उसवेल असं वाटलं. "वस्ताद येत नाही ना? मग तुम्ही सांगा. तुम्हालाही येतंच की सगळं."

गुरुवारी सकाळी मी भिंतीचा ताटाएवढा तुकडा छिन्नीने अखंड काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि गेलो. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर. लांब टेबल, कुरकुरणारा पंखा, आणि मध्यस्थ म्हणून बसलेल्या एक बाई, कानावर पेन्सिल. इंजिनियर इस्त्रीच्या शर्टात आला. शेजारी गोडबोल्या, साक्षीदार म्हणून.

मी तुकडा टेबलावर ठेवला आणि थर दाखवले. इंजिनियर हसला. हा रंगारी आहे बाई, म्हणाला, असे थर तो एका दिवसात चढवेल. चोराच्या उलट्या बोंबा, मी मनात म्हटलं. पण बाईंनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे उत्तर द्यायलाच हवं होतं. मी दुसऱ्या थरातलं खिळ्याचं भोक दाखवलं. भोकात गंज, आणि गंजावर तिसरा थर. गंज एका दिवसात चढत नाही. मग सुरुवातीपासून सांगत गेलो. लाइन कधी बंद करायची, भिंत किती दिवस सुकू द्यायची, पोपडे कुठपर्यंत खरवडायचे, राखाडी थर किती पातळ द्यायचा म्हणजे हाताला ओल लागत नाही, नीळ किती घालायची, घर दाखवायच्या किती दिवस आधी शेवटचा हात मारायचा म्हणजे रंगाचा वास जातो. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी नव्या पोराला काम शिकवतोय तसा बोलतोय.

"एवढं बारीक तुला कसं माहीत?" इंजिनियरने विचारलं. त्याला वाटलं, पकडलं.

"कारण मी हेच करतो," मी म्हणालो. "ह्या गोडबोल्याच्या सांगण्यावरून करतो. घर विकायला निघालं की हा मला फोन करतो."

गोडबोल्याचा चेहरा पुट्टीसारखा झाला. हा माणूस खोटं बोलतोय, असं तो तीनदा म्हणाला. इंजिनियर म्हणाला, केलं असशील तर एक तरी घर सांग. मी ड्रायव्हरचा पत्ता सांगितला, गल्लीसकट, खोलीसकट, भिंतीसकट. बाईंनी तो लिहून घेतला. पेन्सिलीचा तो आवाज ऐकताना पत्ता परत घ्यावासा वाटला. पण थांबलो असतो तर माझी भिंत गेली असती.

मग बाईंनी इंजिनियरला विचारलं, घर तुम्हीच बांधलंत ना? तो म्हणाला, एकेक वीट. मग हे तीन थर कुणाच्या काळातले? त्याने गोडबोल्याकडे बघितलं. वरचं बाथरूम किती दिवस बंद होतं? दोन वर्षं, गुडघ्यांमुळे, जिना चढवत नाही.

"साहेब," बाई म्हणाल्या, "आमची लिफ्ट सोमवारपासून बंद आहे."

त्यानंतरचं बोलणं लांबलं, पण त्याच्यात दम नव्हता. तासाभराने त्याने सही केली. पाइप, दोन्ही भिंती, सगळं त्याने महिन्यात करून द्यायचं. दारात तो माझ्याजवळ थांबला आणि हळू म्हणाला, ह्या शहरात आता तुला ब्रश कोण धरू देतं बघतो. मी म्हणालो, आधी जिना उतरा, गुडघे सांभाळा. बोललो खरं, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. माझा फोन त्या दिवसापासून मुका झाला. वस्ताद म्हणे चार लोकांत सांगतोय, माझं डोकं फिरलंय. इकडे इंजिनियरचे गवंडी आले, भिंती फोडल्या आणि सडका पाइप बाहेर काढला. हातात घेतला तर बिस्किटासारखा तुटला.

नवव्या दिवशी सकाळी अकराला दार वाजलं. बस ड्रायव्हर, ड्यूटीच्या शर्टातच. कार्यालयाचं पत्र त्याच्या हातात. त्याने जे ओरडायला सुरुवात केली ते शेजारची दोन्ही दारं उघडली तरी थांबलं नाही. मी त्याच्या जागी असतो तर याहून घाण बोललो असतो. वडिलांचा पलंग चार वेळा हलवला, म्हणाला. आणि मग आवाज फाटला त्याचा:

"दोन वर्षं बायकोशी भांडलो मी. तू ओले कपडे आत वाळत घालतेस म्हणून भिंत ओली होते, असं म्हणत भांडलो. तिने आत कपडे वाळत घालणं बंद केलं तरी भांडलो."

माझी बायको माझ्या मागे उभी होती. ती मध्ये पडली नाही. पडणार नव्हतीच. मी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणालो, भिंत मी उघडून देतो, पाइप कुठं गेलाय ते बघू, माझा प्लंबर आणतो. तो म्हणाला, तुझं काही नको. पण गेला नाही. दारातच उभा राहिला, घामाने निथळत. मी छिन्नी, हातोडा घेतला. सवयीने दुसऱ्या हातात रंगाचा डबाही आला.

त्याच्या घरापर्यंत तो पुढे, मी मागे, असे चालत गेलो. पायरीशी त्याने माझ्या हाताकडे बघितलं.

"डबा बाहेर."

मी डबा पायरीवर ठेवला आणि आत गेलो. त्याच्या बायकोने भिंतीवरचा आरसा उतरवून पलंगावर ठेवला, माझ्याकडे न बघता डागावर बोट टेकवलं आणि म्हणाली, "इथून."