पैलतीरावरचे घोंगडे

रीनाने ओळीच्या मध्येच बोट ठेवून पाण्याच्या गडव्याकडे हात लांबवला, तोच अंगणातली दगडांची ठकठक थांबली.

"आवाज काऊन बंद झाला वो?" सोनीबाईने विचारले.

"पानी पिऊन राह्यली, माय."

"पे. मंग वाच."

रीनाने गडवा खाली ठेवला, पाठ कुडाच्या भिंतीला टेकवली आणि पाढे म्हणावेत तशा एका सुरात पुढे वाचू लागली, "त्या सांजेला नदीला पूर नव्हता, तरी पाणी गढूळ होते, आणि गिरजाच्या हातातला बांबू तळाला टेकत नव्हता." अंगणात दगड पुन्हा चिंचेवर पडू लागले.

धानोऱ्याकडच्या त्या गावात माघ सरत आला की अंगणाअंगणात चिंचेचे ढीग पडत. सोनीबाईच्या दारात दिवा चांगला, म्हणून शेजारची सुगंधाबाई आणि रीनाची म्हातारी आत्या बुधरी याही आपापल्या टोपल्या घेऊन इकडेच येत, आणि चुली विझल्यावर तिघी मिळून चिंचोके काढत बसत. म्हणजे, त्या दिव्यासाठी येत असे रीना समजत होती.

सोनीबाईला अक्षरओळख नव्हती. घरात गोंडी आणि अंगणात झाडीबोली, एवढ्या दोन भाषांवर तिचा संसार चालत असे. पण अभ्यास कशाला म्हणावे याबद्दल तिचे मत पक्के होते: अभ्यास ऐकू आला पाहिजे. मनातल्या मनात वाचणे हाही वाचनाचाच प्रकार आहे, हे तिला कोणी पटवून देऊ शकले नसते. आणि ज्या घरातून पोरगी मोठ्याने वाचताना ऐकू येते, त्या घरात पोरगी शिकते आहे हे गावाला सांगावे लागत नाही, हे तिचे म्हणणे खोडून काढणेही वाटते तितके सोपे नाही. पत्रू, तिचा नवरा, बांबूतोडीच्या कामावर जंगलात असे आणि कधीमधीच घरी येई. तो आला की ती त्याला अभिमानाने एवढेच सांगे, "रोज आवाज येते तिचा." रीनाला झोपण्यापूर्वी ती विचारी, "आज किती पानं झाली?" आणि वाचलेल्या पानांची जाडी दोन बोटांत धरून पाही, भात शिजला का पाहावे तशी.

त्या जाडीत अलीकडे विज्ञान नव्हते. शाळेच्या कपाटातून प्रफुल सरांनी दिलेली ती एक जाडजूड कादंबरी होती. तिचे मुखपृष्ठ केव्हाच गळून पडलेले, त्यामुळे तिचे नाव काय आणि ती लिहिली कोणी, हे सरांनाही ठाऊक नव्हते. रीनाने आपल्या सगळ्या पुस्तकांसारखे तिलाही वर्तमानपत्राचे वेष्टन घातले होते, आणि सगळ्या पुस्तकांसारखीच तीही एका सुरात वाचत होती. दहावीच्या वर्षी पोरगी गोष्टी वाचते हे आईला कळू नये, एवढाच त्या सुराचा हेतू. पुस्तकी मराठी, त्यात हा रटाळ सूर. यातून अंगणात बसलेल्यांच्या कानी गोष्ट पोहोचत असेल, अशी शंकाही तिला शिवली नाही.

गोष्ट एका नावाड्याच्या मुलीची होती. बाप एका परक्या वाटसरूबरोबर गेला तो परतला नाही. गिरजाने डोंगा हाती घेतला. आणि उतारूंना पार करता करता प्रत्येकाजवळ ती बापाची विचारपूस करू लागली. आज रीना जिथे पोचली होती, तिथे पैलतीरावरून कोणीतरी हाक देत होते. अंधुक उजेडात माणूस दिसत नव्हता. दिसत होते ते त्याच्या खांद्यावरचे घोंगडे. लाल काठाचे, एका कोपऱ्याला ठिगळ लावलेले. बापाचे घोंगडे.

प्रकरण तिथे संपले. रीनाने पुस्तक मिटले.

"झालं आजचं?" बुधरीने विचारले.

"झालं, आत्या."

"हं," बुधरी म्हणाली, आणि हातातली चिंच न फोडताच टोपलीत टाकून उठली.

दुसऱ्या दिवशी सराव परीक्षेचे पेपर मिळाले. मधल्या सुट्टीत प्रफुल सरांनी रीनाला व्हरांड्यात थांबवले. त्यांच्या हातात तिचा विज्ञानाचा पेपर होता, आणि तो त्यांनी आधीच दुमडून ठेवला होता, इतरांना दिसू नये असा.

"विज्ञानात काय करून राह्यली तू, रीना?"

रीना खांबाचा पोपडा नखाने खरवडत राहिली.

"ते पुस्तक संपलं का?"

"थोडंसंच राह्यलं, सर."

"उद्या घेऊन ये." सर क्षणभर थांबले. "मीच दिलं होतं, म्हनून मलेच मागावं लागते. परीक्षा झाली का त्याच दिवशी घेऊन जाजो. कपाटाची चाबीच देतो तुह्या हातात."

"सर, एकच प्रकरन वाचते अन्..."

"एक प्रकरन म्हंता म्हंता मानूस सकाळ करते. मले माहीत हाय."

ते हसले, रीनाला हसू आले नाही. गडचिरोलीच्या मुलींच्या वसतिगृहात जागा गुणांवर मिळते, हे तिला माहीत होते. गेल्या वर्षी गुण कमी पडले म्हणून राहून गेलेली वरच्या आळीची चंचल आता मिरची तोडायला तेलंगणात जाते, हेही माहीत होते. चंचल तिच्याहून हुशार होती. त्या संध्याकाळी कादंबरी उघडण्याचा मोह तिने दप्तराची चेन लावून आवरला, आणि सकाळी ती सरांच्या टेबलावर ठेवून आली.

त्या दिवसापासून ओसरीवर विज्ञान ऐकू येऊ लागले.

"प्रकाशकिरण एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात तिरपा जाताना आपली दिशा बदलतो. यालाच प्रकाशाचे अपवर्तन म्हणतात." सूर तोच होता, आवाजही तेवढाच मोठा. पहिल्या संध्याकाळी सुगंधाबाईने दोनदा मान वर करून पाहिले. नंतर ती घरी काम आहे म्हणून लवकर उठली, आणि पुढे आलीच नाही. बुधरी आली, पण भिंतीला टेकून पेंगली. मग तिनेही आपली टोपली घरी नेली. रीनाला वाटले, बरे झाले, गडबड कमी झाली. पण अंगणात आता एकटी आईच चिंचा फोडत होती. दगडाचा एकेक ठोका सुटा ऐकू येई, आणि दोन ठोक्यांमध्ये इतकी शांतता असे की रीनाला आपलाच आवाज परका वाटू लागे. झोपताना पानांची जाडी पाहण्यासाठी सोनीबाईची बोटे पुढे आली नाहीत. रीनाच्या ते ध्यानात आले. कारण मात्र ध्यानात आले नाही.

मग एका संध्याकाळी दोघी बरोबरच आल्या. सुगंधाबाईने टोपली आपटूनच ठेवली.

"बाई, आज भांडायलेच आलो आमी."

"कोनाशी?" सोनीबाईने विचारले.

"तुह्या पोरीशी. त्या बिचारीले नदीत उभी करून ठेवली अन् हे किरन-किरन लावून बसली. डोंगा तसाच हाय ना पान्यात? वाहून नाई जानार?"

रीनाने ओळीवरचे बोट उचलले. पुस्तक मांडीवर तसेच उघडे राहिले.

"तो घोंगडंवाला तिचा बाप होय का नाई, तेवढं सांग," बुधरी म्हणाली. "मंग मी मरायले मोकळी."

"तू कायची मरते," सुगंधाबाई म्हणाली. "अर्धी चिंच फोडायची हाय अजून तुही."

रीनाने आईकडे पाहिले. सोनीबाईने एक चिंचोका बोटाने दाबून बाहेर काढला, बाजूला ठेवला, आणि दुसरी चिंच उचलली. कोणती पोरगी, कोणती नदी, कोणते घोंगडे, यांपैकी एकही प्रश्न तिने विचारला नाही.

"माय," रीना हळूच म्हणाली, "ते अभ्यासाचं नव्हतं."

"अभ्यासाचं कोन्तं अन् बिनाअभ्यासाचं कोन्तं, मले काय समजते?" सोनीबाई म्हणाली. मग चिंच फोडता फोडता, वर न पाहता, "अभ्यास वाचतानी तुहा आवाज असा येते, जसं कोनी दुसऱ्याच्या घरचं पानी भरून राह्यलं. ते वाचतानी..." हातातले टरफल झटकून तिने पुढची चिंच घेतली.

"सरांनी सांगतलं, परीक्षा होईपर्यंत..."

"तं आधी परीक्षेचं वाच. आमी बसतो. मंग ते."

पुस्तक आता आपल्याजवळ नाही, हे सांगायला रीनाने तोंड उघडले. पण बुधरी दिव्याच्या उजेडात सरकून बसली होती आणि पायांवर लुगडे नीट करत होती, लांबच्या प्रवासाला गाडीत बसावे तशी. रीनाने तोंड मिटले आणि पाठ काढला.

"प्रकाशकिरण एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात तिरपा जाताना..."

"थांब," सुगंधाबाई म्हणाली. "वाकडा काऊन जाते तो? त्याले कोन अडवलं?"

उत्तर पाठ होते. ते म्हणण्यासाठी रीनाने श्वास घेतला, आणि पहिला शब्द जिभेवर येता येता तिला कळले की हे उत्तर नाही. हे फक्त प्रश्नाचेच लांब रूप आहे. रोजच्या रोज तिने ते म्हटले होते, आणि सुगंधाबाईने विचारले ते एकदाही स्वतःला विचारले नव्हते. ती उठली. आईच्या सुपातली बांबूची एक काडी तिने घेतली, पाणी भरलेली पांढरी परात दिव्याखाली सरकवली आणि काडी तिरपी करून बुडवली.

"पाहा."

तिघी वाकल्या.

"मोडली!" बुधरी म्हणाली.

रीनाने काडी वर काढली. सरळ होती. पुन्हा बुडवली. पुन्हा मोडली.

"हवेत उजेडाले पळता येते," रीना अडखळत सांगू लागली, पुस्तकातले शब्द सोडून, घरचे शोधत. "पान्यात त्याची चाल कमी होते. जसं आपन पान्यात शिरलो का पाय जड होतेत, तसं. पान्यातून भायेर निघतानी चाल बदलते, म्हनून तो वरून तिरपा वळते. अन् आपले डोळे समजतेत का तो सरळच आला. म्हनून काडी जिथी हाय तिथी नाई दिसत."

ती थांबली. हे आपण कुठे वाचले, असे तिला वाटून गेले. आणि ते वाचलेले नव्हते.

"म्हंजे काडी नाई मोडत," सुगंधाबाई म्हणाली. "आपल्यालेच तशी दिसते."

"हो."

"असं सांग ना मंग. इतके दिवस किरन-किरन काय करून राह्यली?"

बुधरीने स्वतः एकदा काडी बुडवून पाहिली, बाहेर काढली, लुगड्याला पुसून सुपात परत ठेवली. "झालं ना आता परीक्षेचं?" तिने विचारले. "चाल, आन तिले काठावर."

रीना भिंतीला टेकून बसली. वर्तमानपत्राच्या वेष्टनातले पुस्तक तिने चेहऱ्यासमोर धरले. पानावर भिंगाची आकृती होती, आणि आकृतीखाली बाण. तिने त्या बाणावर बोट ठेवले.

"गिरजाने बांबू पाण्यात रोवला," ती वाचू लागली. "पाण्याखाली तो मोडल्यासारखा दिसत होता. पण तिच्या हाताला तो सरळच लागत होता, म्हणून तिने डोळ्यांचे ऐकले नाही, हाताचे ऐकले."

दगड थांबले होते. तिचा पाढ्यांचा सूर केव्हा सुटला, ते तिचे तिलाही कळले नाही.

"डोंगा काठाला लागला. घोंगडे बापाचेच होते. कोपऱ्याचे ठिगळ तिने स्वतः लावलेले होते, टाका आडवा पडलेला. पण त्यातला माणूस तिचा बाप नव्हता."

"अगा माय," बुधरी पुटपुटली.

"गिरजा काही बोलली नाही. तो माणूस थंडीने कुडकुडत होता. तो म्हणाला, हे मला एका नावाड्याने दिले. म्हणाला, थंडी फार आहे, हे पांघरून जा. काठावर उभा राहून हाक मार. पलीकडे माझी मुलगी आहे. हे दिसले की ती तुला उतरवायला येईल."

सुगंधाबाईने मनगटाने डोळे पुसले. बोटे चिंचेने चिकट झाली होती.

"गिरजाने विचारले, कुठे आहे तो नावाडी?"

आणि इथे रीना थांबली. हा प्रश्न तिने गिरजाच्या तोंडी घातला खरा, पण त्याचे उत्तर तिच्याजवळ नव्हते. भिंगाचा बाण जिथे होता तिथेच होता. आवाज काऊन बंद झाला, असे या वेळी कोणी विचारले नाही.

सोनीबाई उठली. दुसरे रिकामे सूप घ्यायला ती ओसरीवर आली, आणि ते उचलण्यासाठी वाकली तेव्हा तिचे तोंड रीनाच्या कानाशी आले. अंगणात ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती गोंडीत म्हणाली:

"पान पलटव, पोरी. कधीची एकाच पानावर आहेस."

सूप घेऊन ती पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली.

रीनाने पान उलटले. कागदाची सळसळ अंगणापर्यंत गेली.

"तो माणूस म्हणाला," ती वाचू लागली, "आधी मला पार कर. मग सांगतो."