मान वळवलेली नवरी

ब्राझीलमधल्या आमच्या जेकितिन्योन्या नदीच्या खोऱ्यात माती बायकांची आणि ऊस पुरुषांचा. ईस्टर झाला की ट्रक यायचा, आम्ही कोयते घेऊन साऊँ पाउलोकडच्या मळ्यांत ऊसतोडीला जायचो आणि नाताळाच्या सुमारास घरी यायचो. मागे बायका मातीच्या बाहुल्या करायच्या; त्यांतल्या नवरीच्या बाहुलीला नुसतंच 'नवरी' म्हणायच्या. माझ्या बायकोच्या, देओलिंदाच्या नवऱ्या सगळ्या गावात देखण्या.

आमच्या घरची रीत अशी की लग्न होऊन जाणाऱ्या मुलीबरोबर आईच्या हातची एक नवरी जायची. जुन्या धाटणीची, सुरईसारखी आतून पोकळ. डोकं हेच तिचं झाकण. दोघी थोरल्या आपापल्या नवऱ्या घेऊन गेल्या. धाकट्या जुसेलियाचं लग्न ईस्टरनंतरच्या शनिवारी ठरलं, आणि नाताळाच्या आधीच देओलिंदाचा उजवा हात अर्धांगाच्या झटक्याने लुळा पडला. जीभ मात्र शाबूत राहिली.

शेजारच्या फिरमीनाने आपली एक नवरी देऊ केली.

"परक्या हातची नवरी माझ्या लेकीबरोबर जाणार नाही," देओलिंदा म्हणाली.

"मग नुसतीच जाऊ दे का तिला?" मी विचारलं.

"तुला हात आहेत की दोन. मुकादमाने तुला म्हातारा म्हणून ट्रकवर घेणं सोडलंय. बस इथं."

मी बसलो. तिच्या सांगण्यावरून माती कुटली, चाळली, मळली. मग एक गोळा घेऊन दिवसभर खपून बाई उभी केली. देओलिंदाने ती डाव्या हाताने उचलली आणि लगेच खाली ठेवली.

"ही नवरी आहे की ओंडका? भट्टीत फुटेल आणि शेजारच्या बाहुल्यांनाही फोडेल. आत मोकळं ठेव, आदाउतो. मडकं घडव आधी, बाई मागाहून होते."

मग मातीच्या लांब वळ्या करून एकावर एक चढवायला शिकलो. झगा भराभर वर आला. मी खुशीत कॉफी घ्यायला उठलो, परत येतो तर नवरी ओल्या गोणीसारखी बसलेली.

"जरा चढव, मग वाळू दे, मग पुन्हा चढव. आणि दाबू नकोस एवढं. कोयता नाही तो."

थांबायचं कसं हे मला ठाऊक नव्हतं. उसाच्या रांगेत जो थांबला तो मागे पडला. उतारवयात अक्षरं गिरवायला बसलो तेव्हाही पेन्सिलीने कागद फाटायचा. पण हळूहळू बोटं ऐकू लागली. फिरमीना कुंपणावरून डोकावून म्हणायची, "काय रे आदाउतो, पुढच्या वर्षी माझाही झगा शिवशील का?"

"आधी हिला तर धड उभी राहू दे!"

ती उभी राहिली. मग मी डोकं घडवलं, त्याला नाक, ओठ आणि पाठीवर उतरणारी ओढणी. देओलिंदा तेव्हा चार दिवस दवाखान्यात होती, म्हणून एकट्यानेच केलं. परत आल्यावर ती बराच वेळ बघत राहिली.

"मान का वळवलीस?"

मी वळवली होती हे मला तोवर कळलंच नव्हतं. नवरी समोर बघायचं सोडून खांद्याच्या बाजूला बघत होती. देओलिंदाची प्रत्येक नवरी सरळ समोर बघते. तिने डाव्या हाताने डोकं फिरवून पाहिलं. चेहरा समोर आला तर ओढणी वाकडी, ओढणी जागेवर आणली तर चेहरा वाकडा. दुसरं डोकं करायचं म्हटलं तर ते वाळायला वेळ उरला नव्हता. भट्टी दुसऱ्या दिवशी लागायची होती.

"तोंड फिरवून बसलेली नवरी मी लेकीला देऊ?" ती म्हणाली. "त्यापेक्षा काहीच नको."

"तू अशीच तर उभी असायचीस," मी म्हणालो.

"कधी?"

"ट्रक निघताना. मी मागच्या फळीवरून बघत असायचो. तू दारात, आणि मान आत वळलेली. दर वर्षी. मला तुझी तीच छबी ठाऊक आहे, दुसरी कुठून आणू?"

ती म्हणाली, "चुलीवर दूध असायचं. उतू जाईल म्हणून बघत होते."

"दर वर्षी?"

"दर वर्षी. दूध काय ट्रक बघून थांबतं?"

आणि तिने पांढऱ्या-तांबड्या मातीच्या रंगाच्या वाट्या जवळ ओढल्या. कोंबडीचं पीस डाव्या हातात धरलं. त्या हाताला सवय नव्हती. मी नवरीचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो. तिने डोळे काढले. बुबुळं एका कोपऱ्यात, वळलेल्या बाजूला. एक डोळा जरा मोठा झाला.

"आता आईच्या हातची झाली," ती म्हणाली आणि पीस टाकून दिलं.

भट्टीतून नवरी अखंड निघाली, झग्यावर धुराचा एक डाग घेऊन. लग्नाच्या दिवशी जुसेलियाने ती कडेवर मुलासारखी घेतली.

"आई, ही कुठे बघतेय गं?"

"दुधाकडे," देओलिंदा म्हणाली. "सांभाळून ने."

पुढच्याच आठवड्यात ट्रक आला. जावई वाल्देसी फळीवर चढला, टोपी हलवू लागला. मी जुसेलियाच्या घरासमोर उभा होतो. ती दारात होती, चौकटीला टेकून, मान आत वळवून. धूळ खाली बसेपर्यंत ती तशीच राहिली.

"जुसेलिया," मी हाक मारली, "काय बघतेस?"

"दूध तापतंय, बाबा."

मी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. भिंतीवरच्या फळीवर नवरी होती. चूल विझलेली होती, आणि तिच्यावर काहीच नव्हतं.

"बघ हो," मी म्हणालो. "उतू जाईल."