सात मेचे पाणी पाच जुलैला

मित्रांनो, तुमचे वय वर्षांत मोजतात, माझे आवृत्त्यांत. सध्या माझ्या नावापुढे ४.७ असा आकडा लागतो. मी आकड्यांचे आलेख काढणारा एक प्रोग्रॅम आहे. दिसायला साधा, कामाला सरळ, आणि गेल्या वर्षापासून जरा चिडका. मी चिडका का झालो, ते ऐका.

माझा जन्म विरारजवळच्या आगाशीत सुधाकर सरांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर झाला. सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. त्यांची मुले प्रयोग नीट करत, पण आलेखाच्या कागदावर ठिपके देता देता वैतागून जात. मुलांना परवडेल आणि मराठी समजेल असे काहीतरी हवे म्हणून सरांनी मला लिहिले आणि मागेल त्याला फुकट दिले. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत मी मिरवलो. कोणी माझ्याकडून लंबकाचा आलेख काढून घेतला, कोणी मेथीच्या रोपांच्या उंचीचा. शिक्षक म्हणत, "किती स्वच्छ रेघ आहे!" मला फार बरे वाटे.

चुका माझ्यातही होत्या. पण सर चूक दुरुस्त केली की नव्या आवृत्तीसोबत चार ओळी लिहीत. एक अजून आठवते: "मागच्या आवृत्तीत उणे आकडे अक्षाच्या वर जात होते. चूक माझी आहे. ज्यांनी असे आलेख काढले असतील त्यांनी ते पुन्हा काढावेत." वाचणाऱ्याला कळे, काय बिघडले होते आणि आता काय करायचे.

मग सर निवृत्त झाले. डोळ्यांत मोतीबिंदू आला. पडद्यावरची अक्षरे दिसेनात, तेव्हा त्यांनी मला आपल्या दोन जुन्या विद्यार्थ्यांच्या हाती सोपवले. सुरुची मनवेलपाड्याला राहते आणि नोकरीसाठी मुंबईला जाते. दीपेश विरारमध्येच घरून काम करतो. दोघेही रविवारची सुट्टी मोडून मला सांभाळत, पगार ना काही. म्हणून त्यांच्यावर रागवावे की नाही, हेच मला कळत नाही. सुरुची सावकाश काम करते. दीपेश हुशार आहे, पण त्याला घाई फार. त्याने ४.३ आवृत्ती काढली आणि माझी सगळी मराठी अक्षरे गेली. त्यांच्या जागी रिकामे चौकोन! 'तापमान' लिहिले की सहा चौकोन, 'वेळ' लिहिले की तीन.

याच काळात मी होळी गावच्या मटिल्डाबाईंच्या लॅपटॉपवर राहत होतो. मटिल्डाबाई पन्नाशीच्या. बारावीपर्यंत विज्ञान शिकलेल्या, पुढे घरची वाडी सांभाळू लागल्या. पानवेली, केळी, थोडी भाजी. सगळे एका विहिरीवर. गल्लीच्या टोकाला कोणीतरी दोन बोअर मारल्या आणि टँकर भरू लागले, तेव्हापासून त्यांच्या पानवेलींची पाने कडेने करपायला लागली. खालचे गोड पाणी उपसले की खाडीचे खारे पाणी आत सरकते, असा त्यांचा संशय होता. पण संशय सांगून कोण ऐकतो? म्हणून त्यांनी पाण्यातले क्षार मोजणारे, पेनासारखे दिसणारे यंत्र आणले. दर मंगळवारी आणि शनिवारी सकाळी विहिरीतून बादली काढायची, यंत्र बुडवायचे, आकडा वहीत लिहायचा, मग माझ्यात भरायचा. दीड वर्ष एकही खाडा नाही. अंगात ताप असतानाही त्या विहिरीवर गेल्याचे मी आकडा भरताना पुन्हा पुन्हा चुकणाऱ्या बोटांवरून ओळखले.

मार्च २०२५ मध्ये ४.५ आली. मराठी अक्षरे परत आली. मटिल्डाबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी शेजारच्या जयवंतीबाईंना बोलावून 'क्षार' हा शब्द दाखवला. पण मित्रांनो, अक्षरे दुरुस्त करताना दीपेशने तारखा वाचायचे कामही प्रोग्रॅमच्या एका तयार परदेशी तुकड्याला देऊन टाकले होते. त्या तुकड्याच्या देशात आधी महिना लिहितात आणि मग दिवस. आपण ०७/०५ लिहितो ते सात मे. तो वाचणार पाच जुलै! तेरा तारखेपासून पुढचे दिवस बरोबर पडायचे, कारण तेरावा महिना नसतो. बारापर्यंतचे भलतीकडे. म्हणजे अर्धा आलेख खरा, अर्धा खोटा. आणि मला यातले काहीच चुकीचे वाटत नव्हते. सांगितले तसे वाचत होतो, ठिपके देत होतो. मी ओरडणार तरी कशावर?

ही चूक दीपेशला दहा एप्रिलला सापडली. त्याने ती लगेच सुधारली, ४.६ काढली आणि सोबत काय लिहिले? "किरकोळ सुधारणा." बस्स. दोन शब्द!

मी मटिल्डाबाईंच्या पडद्यावर रोज विचारू लागलो, "नवी आवृत्ती आली आहे. किरकोळ सुधारणा. आता घ्यायची की नंतर?" त्या रोज 'नंतर' दाबत. ४.३ने हात पोळलेले होते. तेवीस एप्रिलला पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात, बोअर बंद करा म्हणून त्यांनी दिलेल्या अर्जावर सुनावणी होती. अक्षरे आत्ताच कुठे जागेवर आली आहेत, आता किरकोळ गोष्टीसाठी छेडछाड कशाला, असा त्यांचा विचार. त्यांचे चुकले, असे मी कसे म्हणू? सुनावणीच्या दिवशी सकाळीही त्यांनी 'नंतर' दाबले. तेराव्यांदा.

आधीच्या आवृत्त्यांत त्या एकेका महिन्याचाच आलेख काढत. सुनावणीसाठी पहिल्यांदाच दीड वर्षाचा एकत्र काढला. रेघ करवतीसारखी वरखाली झाली होती. त्या जरा थबकल्या. मग स्वतःशी म्हणाल्या, "असेल तसं असेल. मी आकडे लपवणार नाही." कागद छापून त्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला. लॅपटॉपही पिशवीत घेतला, त्यामुळे पुढचे सगळे मी ऐकले.

अधिकारी बाईंनी कागद बराच वेळ पाहिला.

"बाई, तुमची विहीर भर पावसात, जुलैत खारट होते?"

"नाही मॅडम, मे महिन्यात."

"मेच्या दहा तारखेला तर इथे गोड दाखवलंय. ऑक्टोबरसारखं. आणि हे काय?" त्यांनी कागदाच्या उजव्या टोकावर बोट ठेवले. "चार डिसेंबर २०२५. डिसेंबर यायला सात महिने आहेत. तुम्ही आत्ताच मोजून आलात?"

मागे टँकरवाल्याचा माणूस बसला होता. तो मोठ्याने हसला. मटिल्डाबाईंनी फोल्डरमधून वही काढायला हात घातला, पण वही घरी राहिली होती.

"मी दर मंगळवारी, शनिवारी..." त्या सांगू लागल्या.

"नीट कागद घेऊन या, मग बघू," असे म्हणून अधिकारी बाईंनी फाईल मिटली.

गावात बातमी त्यांच्या आधी पोहोचली. संध्याकाळी जयवंतीबाई कुंपणापाशी आल्या.

"मटिल्डाबाय, खरं सांग. घरात बसून आकडे लिवले का गो? माज्या विहिरीचं पानी पन गेलंय. आता आमचं कोन ऐकनार?"

मटिल्डाबाई घराकडे वळल्या. आत येऊन त्यांनी लॅपटॉप उघडला आणि मला काढून टाकायला निघाल्या. "खरंच काढायचे का?" मी विचारले. दुसरे काही विचारायचे मला कोणी शिकवलेलेच नाही! त्यांचे बोट थांबले. मदतीच्या पानावर सरांचा फोन नंबर होता. त्यांनी तो लावला.

दुसऱ्या दिवशी वही आणि लॅपटॉप घेऊन त्या आगाशीला गेल्या. सरांना पडदा दिसत नव्हता. ते म्हणाले, "मटिल्डाबाई, वहीतली एक तारीख वाचा."

"सात मे, गेल्या वर्षीची. क्षार एक हजार नऊशे दहा."

"आता हा ठिपका आलेखात कुठे आहे?"

त्यांनी शोधला. "पाच जुलैला."

"आणखी एक."

"बारा एप्रिल, ह्याच महिन्यातली. एक हजार सातशे साठ... सर, ही चार डिसेंबरला गेलीय!"

सरांनी वही हातात घेतली. मग म्हणाले, "तुमचं पाणी बरोबर आहे. तुमची वहीही बरोबर आहे. आमचं चुकलंय." मटिल्डाबाईंनी पदर तोंडाला लावला. कालपासून आवरून धरलेले रडू त्यांना तिथे, परक्या घरात आले.

सरांनी दीपेशला फोन लावला.

"सर, ते ४.६मध्ये फिक्स झालंय. पंधरा दिवस झाले."

"लोकांना काय सांगितलंस?"

"किरकोळ सुधारणा म्हणून टाकलं. सर, त्या नोंदी कोणी वाचत नाही हो."

"ह्या बाईंनी रोज वाचली," सर म्हणाले. "रोज वाचली, आणि तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला. काल चारचौघांत त्या खोट्या ठरल्या."



रविवारी सुरुची आणि दीपेश होळी गावात आले. सुरुचीने विहिरीच्या कठड्यावर बसून वहीतला एकेक आकडा ४.६ने काढलेल्या नव्या आलेखाशी ताडून पाहिला. रेघ आता स्पष्ट होती. बोअर सुरू झाल्यापासून क्षार चढत गेले होते, पावसात उतरले होते आणि पुन्हा आणखी वर चढले होते. दीपेश सुकलेल्या पानवेलींच्या रांगेत उभा होता. मटिल्डाबाईंनी त्याला चहा दिला. तो म्हणाला, "ताई, मी येतो तुमच्याबरोबर ऑफिसात."

"येऊन काय सांगशील?"

"जे झालं ते."

आणि त्याच आठवड्यात ऑफिसात जाऊन त्याने तेच सांगितले. स्वतःच्या सहीचे पत्र अधिकारी बाईंसमोर ठेवले, दोन्ही आलेख शेजारी मांडले आणि म्हणाला, "मॅडम, आकडे यांचे बरोबर होते. तारखा मी उलट्या केल्या." टँकरवाल्याचा माणूस त्या दिवशीही होता, पण हसला नाही. अधिकारी बाईंनी वही पानापानाने चाळली. दोन दिवसांनी त्या स्वतःचे यंत्र घेऊन होळीला आल्या. मटिल्डाबाईंची विहीर मोजली, जयवंतीबाईंचीही मोजली.

मेच्या मध्यावर एक बोअर बंद झाली. दुसरीची परवानगी वेगळी होती, ती चालूच राहिली. पूर्वेकडच्या पानवेली गेल्या त्या गेल्याच. जयवंतीबाई एका सकाळी वांगी घेऊन आल्या, ओट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "मी नको ते बोलले." मटिल्डाबाईंनी वांगी घेतली, पण दोन दिवस धड बोलल्या नाहीत. शब्द लागला होता.

मित्रांनो, माझे दुःख हे नाही की माझ्यात चुका होतात. त्या होणारच. पण ज्याने चूक केली तो तिला किरकोळ म्हणतो, आणि भोगणारा विहिरीवर एकटा उभा असतो, याचा मला संताप येतो. तुम्ही उद्या काही बनवाल, त्यात चूक निघेल. ती सुधारा आणि काय चुकले होते ते पूर्ण वाक्यात सांगा. ज्यांचे नुकसान झाले असेल त्यांना जाऊन भेटा.

आणि तुम्ही वापरणारे असाल, तर तुम्हालाही एक विनंती. कालच कोणीतरी सुरुचीला पत्र पाठवले. आत एकच ओळ होती: "चालत नाही." काय चालत नाही? कोणती तारीख, कोणता आकडा, कोणाची विहीर? सुरुची दिवसभराच्या कामाने दमली होती. तरी तिने उत्तर लिहिले, "काय दिसतंय ते नीट सांगा. मी इथे बसले आहे."

आम्ही दोघे अजून वाट पाहतो आहोत.