दुरुस्ती सोडून काहीही

त्याचं आडनाव फीतकापे नव्हतं, पण गावात कुणालाही विचारलं असतं तर निम्म्या लोकांनी तेच सांगितलं असतं. तेल शोधायला आलेल्या कंपनीचा तो समाजकार्य अधिकारी. कंपनीला जमिनीखाली अजून तेलाचा थेंब सापडला नव्हता, पण जमिनीवर याने उद्घाटनांचा सपाटा लावला होता. दवाखान्याला बाकं, बसथांब्याला छप्पर, वाचनालयाला पंखे. प्रत्येक वस्तूवर कंपनीचा शिक्का आणि प्रत्येक फोटोत हा, ओठ ताणून हसत उभा.

आणि एवढ्या दानशूर माणसाला सख्ख्या बहिणीच्या शाळेची एक भिंत काही सांधून देता येत नव्हती.

त्याचं झालं असं. कंपनीचे अवजड ट्रक शाळेमागच्या रस्त्याने गेले. हे ट्रक जागोजागी थांबतात, पोटाखालचा लोखंडी पाट जमिनीवर दाबून जमीन थरथरवतात आणि परत येणाऱ्या हादऱ्यांवरून खाली तेल असेल की नाही याचा अंदाज बांधतात. तेलाचा अंदाज काय बांधला ते त्यांचं त्यांना ठाऊक, पण पहिलीच्या वर्गाची मागची भिंत मात्र वरपासून खालपर्यंत तडकली. मुलं त्या फटीत पेन्सिली खोचून ठेवायला लागली. बहीण तिथली मुख्याध्यापिका. तिने वर्ग व्हरांड्यात हलवला आणि भावाला बोलावून घेतलं.

"संगणक देतो," तो म्हणाला. "झोपाळे देतो. घसरगुंडी देतो."

"भिंत दे."

"ताई, भिंत सोडून बोल."

"मग काय, मुलं घसरगुंडीवर बसून पाढे म्हणणार?"

खरं दुखणं तर वेगळंच होतं. ती भिंत त्यांच्या वडिलांनी बांधलेली. वडील गवंडी, गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची. तडा गेल्यावर कंपनीने पालकांची सभा घेतली आणि 'बांधकाम मुळातच कच्चे असल्याने' असं सुरू होणारं निवेदन वाचायला उभं केलं ते यालाच. वाचताना त्याने मनाची समजूत घातली, की हे बांधकामाबद्दल आहे, बाबांबद्दल थोडंच आहे. गावाने अर्थातच सरळ अर्थ घेतला. सगळं खापर म्हाताऱ्याच्या डोक्यावर फुटलं. ठरलेली दोन कामं दुसऱ्या गवंड्याकडे गेली. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीवर चार जणांत बसायचे, ते बाबांनी सोडून दिलं. घरात कुणी काही विचारलं तर म्हणायचे, "गुडघे दुखतात."

त्याने कचेरीत खूप डोकेफोड केली. कंपनीची वकीलबाई शांतपणे ऐकून घ्यायची आणि शांतपणेच नाही म्हणायची.

"आपण भेट देतो, दुरुस्ती करत नाही. दुरुस्ती केली म्हणजे मोडलं कुणी, हा प्रश्न आला. आज शाळा, उद्या घरांना तडे गेलेली मागची सगळी आळी दारात उभी."

"पण मोडलं आपणच ना?"

"ते मी ऐकलं नाही," वकीलबाई म्हणाली आणि तिने चहा मागवला.

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. नवी शाळा बांधता येते, जुनी सांधता येत नाही! सिमेंट तेच, वाळू तीच, पण फटीत भरलं की गुन्हा. या असल्या विचाराला काय म्हणायचं ते त्याला ठाऊक होतं, पण म्हणायची सोय नव्हती. मग घरी जाताना त्याला एकदम सुचलं. भिंतीत दार काढायचं. दार भेट म्हणून देता येतं. आणि तड्याच्या जागीच दार काढायचं म्हटलं की ती भिंत पाडून नवी बांधावीच लागणार. वकीलबाईने दोन दिवस विचार केला आणि होकार दिला. स्वारी एवढी खूश झाली की बहिणीला सांगायला जवळजवळ धावतच गेली.

"दार?" ताई म्हणाली. "भिंतीपलीकडे नाला आहे."

"उघडायचंच नाही ना ते."

ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "चालेल. मुलांच्या डोक्यावरचा धोका जातोय, मला दार चालेल, बोगदाही चालेल. पण एक कर. उद्घाटनाला बाबांना आणते. सगळ्यांसमोर एकदाच म्हण, की तडा ट्रकमुळे गेला, भिंतीत खोट नव्हती."

"नोकरी जाईल, ताई."

"बाबांचं काय गेलंय ते दिसतंय ना तुला?"

"म्हणेन," तो म्हणाला. आणि अगदी मनापासून म्हणाला.

भिंत पडली, नवी उभी राहिली, मधोमध निळं दार बसलं. दारावर शिक्का. उद्घाटनाला पालक आले, कंपनीचे मोठे साहेब आले, वकीलबाई आली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेत ताईशेजारी बसले. तो माईकसमोर उभा राहिला. वाक्य तर एवढंसं होतं, आठवडाभर घोकलेलं. त्याने साहेबांचे आभार मानले. पालकांचे मानले. मग शिक्षकांचे, सुताराचे, रंगाऱ्याचे. आभार मानायला माणूस उरेना तेव्हा तो थांबला. ताई एकटक त्याच्याकडे बघत होती. त्याने तोंड उघडलं आणि पुन्हा साहेबांचेच आभार मानले.

तेवढ्यात बाबा उठले. सावकाश पुढे आले आणि त्यांनी लेकाच्या हातातून माईक घेतला.

"ती भिंत मी बांधली होती," ते म्हणाले. "माल कमी पडला होता तेव्हा. कच्ची राहिली. कंपनीने मुलांची सोय केली, बरं झालं."

क्षणभर कुणालाच काही कळेना. मग साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. फक्त ताईने वाजवल्या नाहीत. आपल्याही तडकलेल्या घरांचं काही होईल या आशेने आलेली आळीतली माणसं एकमेकांकडे बघत राहिली. वकीलबाई फोटोग्राफरजवळ गेली आणि तिने हळूच विचारलं, "आजोबांचं बोलणं नीट रेकॉर्ड झालं ना?"

मांडव रिकामा होऊ लागला. बाबा नव्या भिंतीपाशी उभे होते. ताई वर्गात निघून गेली होती. तो जवळ गेला. राग येत होता, कंपनीचा, वकीलबाईचा, बाबांचाही, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

"नोकरीला धक्का नाही ना?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग झालं." बाबांनी नव्या भिंतीवर हात ठेवला. "माल कमी पडला नव्हता रे. भिंत पक्की होती. तुला तरी ठाऊक आहे ना?"

त्याने आधी मागे वळून पाहिलं. साहेब गाडीत बसत होते. वकीलबाई फोनवर होती. जवळपास कुणी नव्हतं.

"ठाऊक आहे, बाबा," तो म्हणाला.

त्याचं ते मागे वळून बघणं बाबांनी पाहिलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली आणि गुडघ्यावर हात ठेवत घराच्या वाटेला लागले.